मदत हवी आहे : वडिलांना सीओपीडी, चुलत्यांना फुफ्फुसाचा कर्करोग, जनुकीय चाचणी करावी का?

नमस्कार.

माझे वडील ६६ वर्षांचे असून सातारा जिल्ह्यात गावी राहतात. त्यांना तरुणपणापासून बिडीची सवय होती. काही वर्षांपूर्वी सीओपीडीचे (श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन दम लागणाऱ्या फुफ्फुसविकाराचे) निदान झाले तेव्हा ती सुटली आणि तेव्हापासून पंप नियमित चालू आहे. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात एम्फिसिमा (हवेच्या सूक्ष्म पिशव्या नष्ट होणे) दिसतो, शिवाय विशीत होऊन गेलेल्या क्षयरोगाचा जुना व्रणही आहे.

प्रश्न उपस्थित झाला तो थोरल्या चुलत्यांमुळे. ते माळकरी आहेत, आयुष्यात तंबाखूला शिवलेले नाहीत, तरीही गेल्या वर्षी त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर या जनुकात बदल आढळला आणि त्यानुसार गोळ्या सुरू आहेत. हा अहवाल पाहिल्यापासून माझ्या चुलतभावाची खात्री झाली आहे की हा दोष घराण्यातच आहे, आणि आपण सर्वांनी, विशेषतः आधीच फुफ्फुसे अधू असलेल्या माझ्या वडिलांनी, लाळेचा नमुना देऊन खासगी प्रयोगशाळेची चाचणी करून घ्यावी असा त्याचा आग्रह आहे. खर्च परवडेल, पण अहवाल हाती आल्यावर त्याचे करायचे काय, हे मला कळत नाही.

थोडे वाचन केले आहे. सारखीच बिडी-सिगारेट ओढलेल्या दोघांपैकी ज्याला सीओपीडी आहे त्याला कर्करोगाचा धोका अधिक असतो, हे समजले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत १५व्या गुणसूत्रावरील एक जागा या कर्करोगाशी निगडित आढळली आणि पुढे तिचाच संबंध सीओपीडीशीही दिसला, असेही वाचले. मग दोन्ही आजारांचे मूळ एकच आहे का? असल्यास, बिडी सोडलेल्या माणसाला त्या माहितीचा काही उपयोग होतो का? आणि चाचणीऐवजी दरवर्षी सीटी स्कॅन करणे अधिक शहाणपणाचे ठरेल का?

प्रतिसाद

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता लिहीत असल्यामुळे हे सर्वसाधारण मत समजावे.

प्रथम चुलत्यांचा अहवाल. ईजीएफआरमधील हा बदल बहुतेक वेळा केवळ गाठीच्या पेशींत, जन्मानंतर केव्हातरी घडलेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि भावाकडेही असण्याचे कारण नसते. उपजत बदलाची काही कुटुंबे जगात नोंदली गेली आहेत, पण ती अत्यंत दुर्मीळ. तंबाखू न ओढणाऱ्यांच्या कर्करोगात हा बदल अधिक आढळतो, त्यामुळे चुलत्यांच्या बाबतीत त्यात नवल नाही. तो औषध निवडण्यासाठी तपासतात. चुलतभावाने त्यावरून काढलेला निष्कर्ष निराधार आहे. सख्ख्या भावाला हा कर्करोग असल्यास आपला धोका काहीसा वाढतो हे मात्र खरे, आणि ते कळायला लाळेची गरज नाही.

१५व्या गुणसूत्रावरील त्या जागी निकोटिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींची (पेशींवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांची) जनुके आहेत. तेथील विशिष्ट बदल असलेली माणसे सरासरीने जास्त ओढतात, धूर अधिक खोल घेतात. म्हणजे दोन्ही आजारांशी दिसणाऱ्या संबंधाचा मोठा वाटा व्यसनामार्गेच येतो. त्यापलीकडे थेट परिणाम किती, यावर संशोधकांत वाद आहे. त्या बदलाच्या एका प्रतीमागे (प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक) कर्करोगाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला, तोही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत. तुमच्या वडिलांच्या बिडीपुढे आणि स्कॅनवरच्या एम्फिसिमापुढे हा आकडा किरकोळ आहे. अहवाल चांगला आला तर खोटा दिलासा, वाईट आला तर नवा उपाय काहीच नाही. मी हा खर्च करणार नाही.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुफ्फुसांचे रक्षण करणाऱ्या प्रथिनाची कमतरता आहे का हे पाहणारी साधी रक्तचाचणी मात्र सीओपीडीच्या रुग्णाने आयुष्यात एकदा करून घेण्यास हरकत नाही. ही कमतरता खरोखरच आनुवंशिक असते, परंतु तिचा गंभीर प्रकार उत्तर युरोपात अधिक आणि आपल्याकडे विरळ. पंचेचाळिशीच्या आत आणि फुफ्फुसांच्या खालच्या भागात एम्फिसिमा दिसला तर तिचा संशय बळावतो. तुमच्या वडिलांचे चित्र तसे नाही.

किरणांच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमागे पुरावा भक्कम आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत, अति धूम्रपान केलेल्यांमधील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तेथील २०२१च्या शिफारशीनुसार वय ५० ते ८०, रोज एक पाकीट याप्रमाणे निदान २० वर्षांइतके धूम्रपान आणि सोडून १५ वर्षांच्या आत, अशांनी दरवर्षी तो करावा. बिडीचा हिशेब त्या मापात नेमका बसत नाही. त्यातच क्षयाच्या जुन्या व्रणांमुळे आपल्याकडे संशयास्पद ठिपके पुष्कळ निघतात आणि तुकडा काढून तपासण्यासाठी विनाकारण सुई टोचण्याची वेळ येते. म्हणून आधीचे स्कॅन जपून ठेवा आणि दर वेळी सोबत न्या. वर्षानुवर्षे न बदललेला व्रण ओळखायला त्यासारखे साधन नाही.

त्याहून आधीचा प्रश्न वेगळाच आहे : लहान गाठ सापडलीच, तर शस्त्रक्रिया किंवा नेमका किरणोपचार सोसण्याइतका श्वास त्यांच्यात आहे का? स्पायरोमेट्रीचे (फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीचे) ताजे आकडे आणि ते न थांबता किती जिने चढतात, हे येथे लिहिल्यास पुढचे सांगता येईल. तोवर थुंकीतून रक्त पडणे, खोकल्याची जात बदलणे, आवाज बसणे किंवा वजन उतरणे यांपैकी काही दिसल्यास स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. चाचणी तूर्त रहित केली आहे आणि आपला प्रतिसाद चुलतभावाला वाचायला दिला आहे. ताजी स्पायरोमेट्री पुढील आठवड्यात करून आकडे येथेच लिहितो. घराचा एक जिना वडील मध्ये न थांबता चढतात. वर गेल्यावर मात्र थोडा वेळ बसावे लागते.