मदत हवी आहे : उणे ४० मध्ये गाडी उघड्यावर

मंडळी, नोव्हेंबरपासून मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कूचिचिंग काउंटीत राहायला जातोय. इंटरनॅशनल फॉल्सजवळ, कॅनडाच्या सीमेलगत. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमानच उणे २० सेल्सिअसच्या आसपास, आणि थंडीची लाट आली की उणे ४०. (उणे ४० ला दोन्ही मापं एकच, त्यामुळे फॅरनहाइट की सेल्सिअस हा वाद आपोआप मिटतो.) शेजारच्या सेंट लुइस काउंटीत, टॉवर गावाजवळ, १९९६ साली उणे ५१ नोंदलंय.

घर भाड्याचं, गॅरेज नाही. गाडी पेट्रोलवरची. ब्लॉक हीटर (विजेवर इंजिन गरम ठेवणारा) बसवून घेतलाय, बॅटरी नवी, इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२० (थंडीतही पातळ राहणारं), विंटर टायर आहेत. घरी रात्री प्लग लावता येईल. अडचण कामाच्या ठिकाणची: तिथे प्लग नाही आणि गाडी आठ-नऊ तास वाऱ्यात उभी राहणार. इंजिनातलं कूलंट सध्या निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव). ते साधारण उणे ३७ पर्यंतच पुरतं.

‘शिकागोत काही होत नाही’ असं कृपया सांगू नका, तिथली थंडी मीही काढलीय.

मिनेसोटा, नॉर्थ डकोटा किंवा मॅनिटोबात राहिलेल्यांनी सांगा: ग्लायकॉल ६० टक्क्यांपर्यंत वाढवू का? आणि दुपारच्या सुट्टीत गाडी थोडा वेळ चालू ठेवली तर संध्याकाळी ती सुरू होते का?