जुना सोलिंगेनचा वस्तरा घेताना हातात धरून काय तपासायचं?

प्रश्न – पोलादवेडा
दोन जुने वस्तरे समोर आहेत. दोन्ही जर्मनीतल्या सोलिंगेनचे, पात्याची रुंदी ६/८ इंच. एक आरशासारखा चकचकीत, दुसरा काळपट, पाठीजवळ (धारेसमोरची जाड कड) गंजाचे ठिपके. चकचकीताचा भाव दुप्पट. रोज दाढी करायची आहे, कपाटात ठेवायला नको. भिंग, टॉर्च, व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) नेता येईल. काय काय पाहू?

सहाणवाला
काळपटपणाला घाबरू नका. संशय चकचकीतावर घ्या. बफिंगच्या (पॉलिशच्या) चाकावर चमक आणली असेल तर पातं आणि खिळा यांच्या मधल्या दांड्यावरचा कारखान्याचा शिक्का उथळ झालेला असतो, अक्षरांच्या कडा गोल दिसतात. खरी भीती उष्णतेची. धारेपाशी पातं अतिशय पातळ, चाकावर क्षणभर जास्त टेकलं तरी तापतं, आणि साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरायला लागतं. मग सहाणेवर धार लागते, पण टिकत नाही. धारेलगत पिवळी-निळी झाक दिसली तर सोडून द्या. नंतर पॉलिश मारलं असेल तर झाकही दिसणार नाही, म्हणून शिक्का बघायचा.

गंज किती आहे यापेक्षा कुठे आहे ते बघा. पाठीवरचे खड्डे राहू देत. धारेपासून २-३ मिमीच्या आत काळे खड्डे असतील तर नकोच. घासत घासत धार मागे सरकते, खड्ड्यापर्यंत पोचते आणि तिथे दात पडतो. १० पटीच्या भिंगाने दोन्ही बाजू बघा.

भेगेसाठी हलक्या तेलाचा थेंब पसरवा, कोरडा पुसा, मिनिटभर थांबा. भेग असेल तर तेलाची केसासारखी रेघ पुन्हा उमटते. भेगेला इलाज नाही. धारेचा टवका निघाला असेल तर तो घासून काढता येतो, पण १ मिमीच्या टवक्यासाठी अख्खी धार १ मिमी मागे न्यावी लागते.

मिमी_मोजा
वरचं सगळं बरोबर, पण माप राहिलं. वस्तऱ्याचा कोन पाठ ठरवते, कारण सहाणेवर पाठ आणि धार एकदमच टेकतात. पाठीची जाडी भागिले रुंदी, गुणिले ५७, म्हणजे अंश. रुंदी १९ मिमी आणि पाठ ५.५ मिमी असेल तर १६.५ अंश, उत्तम. १५ च्या खाली धार नाजूक होऊन तुटते, १९-२० च्या वर दाढी ओढल्यासारखी होते. टाच (दांड्याकडची बाजू), मध्य, टोक अशा तीन ठिकाणी मोजा. पाठीवरचा घासलेला चपटा पट्टा एका टोकाला रुंद असेल तर मागच्या मालकाने दाब एकाच बाजूला दिला आहे.

वाक काचेवर कळतो. पातं आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकवा, टोक हलकेच दाबा. डुललं तर वाकडं आहे. धार मध्ये आत गेलेली असेल तर ती सरळ करायला बरंच पोलाद जातं.

मुठीकडे_बघा
मुठीला कमी लेखू नका. सेल्युलॉइड (जुन्या मुठींचं प्लास्टिक) सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, आणि पातं नेमकं मुठीत झाकलं जातं तिथेच गंजतं. कापराचा वास नुसता आला तर ठीक, तो सेल्युलॉइडचाच. पण आंबट, झोंबणारा वास, चिकटपणा, बारीक चिरा दिसल्या तर मूठ बदलायचीच, आणि तोवर तो वस्तरा इतरांसोबत बंद डब्यात ठेवू नका. तापलेली सुई टोचून परीक्षा करू नका, सेल्युलॉइड भडकतं. हस्तिदंती म्हणून कोणी देत असेल तर हातच लावू नका, भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

हळूच मिटून बघा. धार मुठीला घासत असेल तर ती तिथेच बोथट होणार.

पोलादवेडा
मोजलं. काळपट: रुंदी १८.६, पाठ ५.४, तिन्ही ठिकाणी जवळपास सारखी. धारेपाशी खड्डे नाहीत, तेलाची रेघ नाही. चकचकीत: रुंदी १८.४, पाठ ४.६, शिक्का अर्धा पुसट.

मिमी_मोजा
काळपटाचा १६.५, चकचकीताचा १४.२५. काळपटच घ्या. धार लावण्याआधी तिच्यावर मार्कर फिरवा, १००० ग्रिटच्या (कणांच्या बारीकपणाचा आकडा) सपाट सहाणेवर वजन न देता तीन हात मारा. शाई कुठे राहते ते दोन्ही बाजूंनी दाखवा, मग पुढचं सांगतो.