रिस्क या जगाच्या नकाशावर सैन्य लढवायच्या पटखेळाचा डाव चार तास चालतो, घरगुती नियमांनी आटोपता येईल का?

सोंगटी:
चौघांत खेळतो, ४२ प्रदेशांचा नेहमीचा पट. मांडणीतच अर्धा तास जातो. मध्येच कुणी बाद झालं की ते बिचारं मोबाईल बघत बसतं. प्रदेश जिंकून मिळणाऱ्या पत्त्यांपैकी तिघांचा संच परत केला की जादा सैन्य मिळतं, त्या संचाला कायम ५ सैन्यच द्यायचं असं घाटतंय, म्हणजे शेवटी एकदम ३०-३५ चा ढीग पडणार नाही. वेळ वाचेल?

फासेपारखी:
उलटं होईल. ४, ६, ८, १०, १२, १५ आणि पुढे दरवेळी ५ ने चढणारा भाव हेच या खेळाचं घड्याळ आहे. तो गोठवलात की कुणाकडेच समोरच्याची तटबंदी फोडण्याइतकं सैन्य जमत नाही. सगळे सीमेवर सोंगट्या रचत बसतात आणि चाराचे सहा तास होतात.

मांडणी मात्र झटपट उरकता येते. दोन्ही जोकर बाजूला काढून ४२ पत्ते (दर प्रदेशाचा एक) पिसून वाटा, ज्याला जो पत्ता त्याचा तो प्रदेश. दोघांना ११ येतील, दोघांना १०. यात अन्याय नाही, कारण दर पाळीला प्रदेश भागिले तीन एवढं नवं सैन्य मिळतं, ते ११ वाल्याला आणि १० वाल्याला ३ च येतं. प्रत्येकाच्या ३० पैकी एकेक सोंगटी आपापल्या प्रदेशावर ठेवली की १९ किंवा २० उरतात. त्या एकेक करून मांडल्या तर चौघांच्या मिळून ७८ पाळ्या होतात, पाच-पाच ठेवल्या तर १६. नंतर पत्ते गोळा करून जोकर परत घाला, हे हमखास विसरतं.

अडीच_घरं:
मांडणीचं ठीक, पण खरा वेळ खातात ते फासे. हल्ल्याचे तीन विरुद्ध बचावाचे दोन फाशांत दर फेकीला हल्लेखोराचे सरासरी ०.९२ आणि बचाव करणाऱ्याचे १.०८ सैन्य मरतं. म्हणजे जवळपास सातामागे सहा. म्हणून नियम असा करा: बचावात ९ किंवा जास्त आणि हल्ल्यात १० किंवा जास्त असतील, तोवर फासे न टाकता बचावाचे ७, हल्ल्याचे ६ उचलायचे.

हल्लेखोराचे सैबेरियात २५, बचावाचे चीनमध्ये १६ धरा. पहिल्या उचलीनंतर १९ विरुद्ध ९, दुसरीनंतर १३ विरुद्ध २. तिथून पुढे फासे.

हा नियम ऐच्छिक ठेवू नका, नाहीतर ज्याची बाजू पडकी तो दरवेळी फासेच मागणार. आणि एकेका सोंगटीच्या प्रदेशांची रांग कापताना तो लावूही नका. तीन विरुद्ध एक फाशात हल्लेखोर ६६ टक्के वेळा जिंकतो, तिथे सातामागे सहा म्हणजे त्याच्यावर उघड अन्याय.

बचाव करणाऱ्याचा ‘एक फासा टाकू की दोन?’ हा प्रश्नही बंद करा. बचावात दोन सोंगट्या असतील तर फासे दोनच. आणि तळाला फडकं घातलेल्या परातीत टाका. पटावर टाकले की सोंगट्या उडतात, मग ‘इथे सहा होते की सात’ यावर दहा मिनिटं.

सोंगटी:
सातामागे सहा झकास! पण आठ फेऱ्यांनंतर डाव बंद, असं केलं तर?

फासेपारखी:
शेवटची पाळी ज्याची, त्याची चंगळ. उलटा हल्ला होणार नाही हे माहीत असल्यामुळे तो मागे एकेक सोंगटी टाकत मिळेल ते बळकावतो. त्यापेक्षा आठव्या फेरीपासून प्रत्येक फेरीअखेर एक फासा टाका. १ किंवा २ पडला तर डाव तिथेच संपला, प्रदेश मोजा. शिवाय आपल्या पाळीच्या *सुरुवातीला* ज्याच्याकडे २८ प्रदेश, तो लगेच जिंकला. सुरुवातीला अशासाठी, की बाकीच्यांना ते मोडायला एक फेरी मिळते.

अडीच_घरं:
तरीही कुणी बाद झालाच तर सोंगट्यांचा डबा त्याच्याकडे द्या. पुढच्या खेळाडूचे प्रदेश भागिले तीन, अधिक अख्खा खंड ताब्यात असेल तर त्याचे (आशिया ७, युरोप व उत्तर अमेरिका ५, आफ्रिका ३, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया २) एवढ्या सोंगट्या त्याने आधीच मोजून ठेवायच्या. पाळी चालू असताना पुढच्याचे प्रदेश एखाद-दुसरा कमी झाले तर तेवढी दुरुस्ती करायची, बस.