तोंडाशी आलेलं वाक्य: मालिकेतली गप्प नायिका आणि आपण

काल रात्री जेवणं आटोपून सासूबाई आणि मी टीव्हीसमोर बसलो. तीन आठवडे वाट बघायला लावलेला प्रसंग होता. नायिका नायकासमोर उभी राहिली, "मला तुमच्याशी बोलायचंय" म्हणाली आणि दाराची बेल वाजली. आईंनी रिमोट दिवाणावर टाकला. "एवढं मनात असतंय तर बोलत का नाही ही?" म्हणत पाण्याचा तांब्या भरायला उठल्या.

मनातलं चटकन न सांगणारी नायिका मला मुळात आवडते. 2012 मध्ये 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लागायची तेव्हा मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला होते. राधा आणि घना आधी सोयीपुरतं लग्न करतात आणि मग जीव जडला तरी कबूल करायला बिचकतात. राधाचं थांबणं पटायचं, कारण ती का थांबते ते दिसायचं. हल्ली नायिका गप्प राहते ती कथा लांबवायची असते म्हणून. आठवड्याला सहा भाग, जाहिराती वगळता वीस-बावीस मिनिटांचे. एका वाक्यात मिटेल असा गैरसमज दोन महिने ताणायचा, तर तिचं तोंड बंदच ठेवावं लागतं. मला याचा मनापासून राग येतो. तुम्हालाही येत असेल तर लिहा. कुणासोबत बघत होता, काय झालं, सगळं.

तासगावहून

आमच्या द्राक्षबागेत थिनिंगला दहा-बारा बायका असतात. मान वर, हातात कात्री, घडातले मणी विरळ करायचे आणि तोंडानं आदल्या रात्रीची मालिका. परवा एकजण म्हणाली, "नवरा चांगला हाय, सासू चांगली हाय, मग हिला झालंय काय?" सगळ्यात वयस्कर मावशी वर बघतच म्हणाल्या, "आधी कुणीतरी फसवलंय तिला. दुधानं तोंड पोळलं की ताक बी फुंकून पितंय माणूस." महिनाभर त्या नायिकेवर चिडले होते, तेवढ्यानं राग निवला. पण हे मला मावशींनी सांगितलं, मालिकेनं नाही. माझं गाऱ्हाणं तेच आहे.

साताऱ्याहून

'लागिरं झालं जी' 2017 मध्ये आली तेव्हा आमच्या गल्लीत त्या वेळेला रस्ता ओस पडायचा. बोली आपली, आणि शीतल मनात आलं ते तोंडावर बोलणारी. माझा भाऊ फौजेत आहे. सीमेवरून फोन लागला की वहिनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि मिळालेल्या दोन-तीन मिनिटांत रुसवा, काळजी, माया सगळं सांगून टाकते. मग एकाच घरात राहणाऱ्या नायिकेला वर्षभर सवड होत नाही, हे मी कसं मानू?

वाईहून

मी तिची बाजू घेऊन लिहितेय. माझं पहिलं लग्न मोडलं. दुसऱ्या लग्नानंतर कितीतरी महिने मी यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. तेव्हा 'जुळून येती रेशीमगाठी' सुरू होती. मेघनाचं लग्नाआधी दुसऱ्यावर प्रेम होतं, आणि आदित्य तिला सावरायला वेळ देत होता. आम्ही दोघं ती शेजारी बसून बघायचो, एक शब्द न बोलता.

पावसाळ्यात एकदा सकाळी गणपतीच्या घाटावर गेलो. पायऱ्या ओल्या होत्या. यांनी हात पुढे केला, मी धरला नाही. भिंतीला धरून उतरले. हे एवढंच म्हणाले, "चपला हातात घे, पुढं शेवाळ आहे."

त्या रात्री कणीक मळताना, त्यांच्याकडे पाठ करून, मी पहिल्या घरातलं सगळं सांगितलं. ते दारात उभे होते. मध्ये एकदाही काही विचारलं नाही. बोलण्याच्या नादात मी पाणी घालतच राहिले आणि परातीत कणकेची पार खळ झाली.

मालिकेत कबुली म्हणजे पाऊस, व्हायोलिन आणि तोच चेहरा तीन वेळा. चपलांचं ते एक वाक्य तिला कुणी ऐकवतच नाही, मग ती बोलेल कशी?

कराडहून

होस्टेलवर आम्ही कोरियन मालिका बघतो. बऱ्याचशा सोळा भागांत संपतात. नायिका तिथलीही मनाला कुलूप लावलेली, पण निम्म्यावर येईतो तिचं दुखणं कळतं. पुढच्या भागांत ती हळूहळू विश्वास टाकायला शिकते. मी आईला फोनवर विचारते, "तुझी ती बोलली का गं?" सहा महिने एकच उत्तर, "नाही अजून."

मिरजेहून

बायको नायिकेवर चिडली होती. मी म्हणालो, "तू तरी कुठं बोलतेस?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही विचारलंय कधी?" टीव्ही बंद केला. झोपायला दीड वाजला.

सांगलीहून, पुन्हा मी

आजचाही भाग बघितला. बोलली नाही. आईंनी वाईचा अनुभव चष्मा लावून दोनदा वाचला. त्यांचा निरोप आहे: "कणीक सैल झाली, मग पुढं काय केलंस, विचार तिला."

वाईहून

आईंना सांगा, आणखी पीठ घातलं. चपात्या जास्तीच्या झाल्या. सकाळी यांनी डब्यात नेल्या.