विमान चालवणाऱ्याला ट्रेडिंग लवकर जमतं का?

वेंगुर्लेकर (धागाकर्ता)
परवा रत्नागिरीत पुतण्या भेटला. म्हणाला, "काका, पायलट लोकांना शेअर बाजारातलं ट्रेडिंग लवकर जमतं म्हणे, डोकं थंड असतं ना!" बावीस वर्षं विमान चालवून मी गावी परतलो, चार वर्षं निफ्टी या शेअर निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे आज भाव ठरवून पुढच्या तारखेला मिटवायचे सौदे, करतोय. माझं मत: जमतं, पण थंड डोक्यामुळे नाही. निर्णय आधीच घेऊन ठेवायची सवय असते म्हणून.

ढगांतून उतरताना हजार फुटांवर वेग, खाली येण्याचा दर, फ्लॅप्स, चाकं, सगळं जागच्या जागी हवं. एक गोष्ट जरी नसली तरी गो-अराउंड. म्हणजे पॉवर लावायची, वर जायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. त्यात वाद नाही आणि कमीपणाही नाही. चिपीच्या विमानतळावर ढग सड्यावर, म्हणजे पठारावर, टेकले की विमान माघारी जातं, चतुर्थीला निघालेले चाकरमानी वैतागतात. वैतागू देत.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड सांगितलं. कॅप्टनने विमान उतरवलंच. १५८ माणसं गेली. तोट्यातली पोझिशन (घेतलेला सौदा) धरून "अजून थोडं थांबू, येईल वर" म्हणणारं डोकं मला तेच वाटतं. म्हणून सव्वानऊला बाजार उघडायच्या आत मी वहीत तीन आकडे लिहितो: कुठे घेणार, कुठे बाहेर पडणार, आज जास्तीत जास्त किती घालवणार.

मालवणचा भाऊ
काका, तुमच्या शिस्तीबद्दल आदर आहे, पण तुलना पटत नाही. मी सहा वर्षं ऑप्शन्स (ठरल्या भावाला घ्यायच्या-विकायच्या हक्काचे सौदे) केले आणि सोडले. तुम्ही उतरताय म्हणून धावपट्टी बाजूला सरकत नाही. बाजारात मात्र प्रत्येक सौद्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी बसलेला असतो आणि त्यालाही जिंकायचं असतं.

शिवाय गो-अराउंड केलं की हवा तुम्हाला उचलून धरते. स्टॉपलॉसला, म्हणजे ठरल्या भावाला तोट्यातून आपोआप बाहेर काढणाऱ्या ऑर्डरला, कोण धरणार? १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही ही हद्द अचानक काढून टाकली. शिस्तीत स्टॉपलॉस लावून बसलेल्यांचेही सौदे भलत्याच भावाला सुटले, कारण मधल्या भावांना समोर कोणी उभंच नव्हतं.

वेंगुर्लेकर
मान्य. तिसरा आकडा त्यासाठीच आहे. आम्ही इंधनही जेमतेम पोचण्यापुरतं घेत नाही. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाऊन वर आणखी ३० मिनिटं घिरट्या घालता येतील, एवढं तरी टाकीत लागतंच. लॉटही (सौद्याचा आकार) तसाच घ्यावा. स्टॉपलॉस हुकला तरी घर उभं राहिलं पाहिजे.

रत्नागिरीच्या ताई
मी शाळेत शिकवते, त्यामुळे माणूस शिकतो कसा याकडे माझं लक्ष जातं. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक लेख लिहिला. एकाचा जाणकारांच्या अंदाजावर विश्वास नव्हता, दुसऱ्याने आग विझवणाऱ्या जवानांमध्ये तो अंदाज खरा ठरताना पाहिला होता. एकमत झालं ते यावर: परिस्थितीला काही नियम असेल आणि चूक लवकर कळत असेल, तरच अनुभवाने नजर तयार होते. शेअर निवडणं त्यात बसत नाही.

घरचंच सांगते. यजमानांनी पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज केलं. बाजार फिरला, अठरा हजार मिळाले. आम्ही त्या दिवशी सुरमई आणून जेवलो. तो आमच्या घरचा सगळ्यात वाईट दिवस होता, हे कळायला आठ महिने लागले. त्या एका दिवसाने ते तेच पुन्हा पुन्हा करायला शिकले आणि शेवटी आंब्याचे आगाऊ आलेले पैसे गेले. विमानात चुकीचं वागून कधी बक्षीस मिळतं का? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा झाला. ते सगळेच बेशिस्त होते, असं मी मानणार नाही.

वेंगुर्लेकर
ताई, वाचून वाईट वाटलं. पण बक्षीस विमानातही मिळतं. वेडंवाकडं आणलेलं विमान बहुतेक वेळा सुखरूप उतरतं, प्रवासी नमस्कार करून जातात. फरक असा की त्या उड्डाणाची नोंद कोणीतरी तपासतं आणि मग बोलावणं येतं. "आठशे फुटांवर वेग एवढा का होता?" सुखरूप उतरलो, हे उत्तर तिथे चालत नाही. वहीत मी तेच करतो. नियम मोडून मिळालेला नफा लाल शाईने लिहितो. माझा आजवरचा सगळ्यात मोठा नफा लाल आहे.

देवगडकर
पण काका, तिथे बोलावणारे दुसरे होते. इथे वही तुमची, शाई तुमची. माझे वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. पहाटे चार-पाच जण किनाऱ्यावर उभे राहून आभाळ बघायचे. त्यातला एक जरी म्हणाला, "आज होडी काढूची नाय," तरी वडील जाळी उचलून घरी आणायचे. मी ट्रेडिंगला दार लावून बसायचो, घरात कळू नये म्हणून. तीन लाख गेले तोवर बायकोला एक्स्पायरी (सौद्याची मुदत संपायचा दिवस) म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. शिस्त माझ्याकडेही होती. शेजारी कोणी नव्हतं.

वेंगुर्लेकर
याला माझ्याकडे उत्तर नाही. नोकरीत शेजारची खुर्ची कधी रिकामी नव्हती आणि इथे चार वर्षं एकटाच बसतोय, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा ध्यानात आलं. हिला आत्ताच सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, सकाळी तीन आकडे मला दाखवायचे आणि लाल पेन माझ्याकडे राहील.

रत्नागिरीच्या ताई
काकूंनी "बाहेर पडा" म्हटलं की पहिल्याच वेळी पडा, काका. तिसऱ्यांदा म्हणायला लावू नका.