मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारवर ड्रॉप सीसाठी (सहावी, सर्वात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली) ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचं, तारांचं कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारं) कोणतं घ्यावं?

गिटार २५.५ इंच स्केलची (तारेची मोकळी लांबी), फिक्स्ड ब्रिज. १०-४६ तारा (सर्वात बारीक व सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) ड्रॉप सीला लोळत होत्या, पाम म्यूटला (तळहात तारांवर टेकवून वाजवताना) सूर क्षणभर चढायचा. ११-५४ लावल्यावर ते थांबलं. (नटची, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीची, खाच कानशीने रुंद करावी लागली.)

खरी कटकट पिकअपची. अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की तारा हाताने दाबूनही शिट्टी थांबत नाही. पिकअपची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) बहुधा मेणात बुडवून घट्ट केलेली नाही, म्हणून ती थरथरते. ईएमजी ८१ हे बॅटरीवर चालणारं पिकअप घ्यायचं तर ९ व्होल्टची बॅटरी, स्टिरिओ जॅक, ५०० किलो-ओहमऐवजी २५ किलो-ओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनचे नॉब), आणि पोकळीत बॅटरीला जागा जेमतेम! सेमूर डंकन डिस्टॉर्शन या बिनबॅटरीच्या पिकअपला जुनी वायरिंग चालेल, पण वेगवान रिफमध्ये खालचे सूर एकमेकांत मिसळतात का? शेवटचा फ्रेट दाबून सहाव्या तारेपासून पिकअप किती मिलिमीटर खाली ठेवता, तेही सांगा.