मदत हवी आहे: चीनमधला प्रतिवादी हजर नाही, एकतर्फी हुकूमनामा कसा घ्यावा?

मंडळी, रत्नागिरीतल्या एका काजू उद्योगाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कची बनावट छापील पाकिटं चीनमधला विक्रेता ऑनलाइन विकतोय. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे (वादीचा व्यवसाय जिथे आहे तिथे दावा लावता येतो) दावा इथल्याच जिल्हा न्यायालयात लागला. हेग करारानुसार (परदेशात समन्स बजावण्याचा आंतरराष्ट्रीय करार) समन्स पाठवून ६ महिने उलटले, बजावणीचा दाखला नाही. (पोस्टाने पाठवून उपयोग नव्हता, चीनचा त्याला आक्षेप आहे.) कराराच्या कलम १५ खाली दाखल्याशिवायही निकाल मागता येतो, पण दाखल्यासाठी वाजवी प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं. त्यासाठी कोणती कागदपत्रं चालतात?

चाचणी खरेदीची पावती, स्क्रीनशॉट आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र तयार आहे. प्रतिवादी गैरहजर म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही, हे ठाऊक आहे. चीनमध्ये वसुलीची आशाही फारशी नाही. खरा उपयोग विक्री थांबवणाऱ्या मनाई हुकमाचा. मग ज्या साइटवर विक्री चालते तिलाही आत्ताच प्रतिवादी करावं का?